लोटूनानांचं लायसन

लोटूनाना दुसाने देवमाणूस होते असं कुणी म्हणालं की मला राग येतो. देवमाणूस व्याज घेत नाही. नाना घेत, आणि पुरेपूर घेत. एक दिवस वर गेला तर त्या एका दिवसाचंही वेगळं मांडत. दुकानात आलेल्याला चहा पाजावा हे त्यांना उभ्या जन्मात सुचलं नाही. पाणी मात्र द्यायचे. बाई आली की आधी तिला बसवायचं, पितळी पेल्यातून पाणी द्यायचं, आणि तिचं पिऊन होईपर्यंत काट्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम होता.

सुरतेत बमरोलीच्या रस्त्याला, आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं गिरवीचं, म्हणजे सोनं-चांदी गहाण ठेवून घ्यायचं, दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक गादी, एक तिजोरी, एक काटा आणि भिंतीवर चौकटीत लावलेलं सरकारी लायसन. नाना जातीचे सोनार, गाव शिरपूरकडचं. विसाव्या वर्षी सुरतेला आले ते लूमच्या खात्यात. दहा-बारा वर्षं उभ्यानं पाळ्या केल्यावर गुडघे बोलायला लागले, तेव्हा त्यांनी जमवाजमव करून हे लायसन काढलं. रोज सकाळी देवांच्या तसबिरींना ओवाळून झालं की उरलेली उदबत्ती त्या कागदालाही ओवाळत. मी हसले की म्हणत, "हासू नको. सरकारनी मन्हावर इस्वास टाका शे." खानदेशातून धोतराची गाठ मारून आलेल्या माणसाला सुरतेत शिक्क्याचा कागद मिळणं ही तेव्हा लहानसहान गोष्ट नव्हती, हे मीही मानते.

मी उज्ज्वला. मराठी शाळेत शिकवते. माझं तोंड जरा फटकळ आहे, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. माझा नवरा वाल्मिक सचिनच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यात कामाला, सासूबाई मंगलाबाई घरात, आणि आमची हर्षदा तेव्हा चार वर्षांची. सरकारी कागद सगळे गुजरातीतून येत, आणि नानांना गुजराती बोलता येत असली तरी लिहिता येत नसे. म्हणून कधीमधी त्यांचा अर्ज-बिर्ज मी लिहून द्यायची.

नाना कुणालाही विचारत नसत, पैसे कशाला पाहिजेत. एखादी आपण होऊन सांगू लागली तर हात वर करत, "माले नको सांगू, माय." पुरुष एकटा बायकोचा डाग, म्हणजे दागिना, घेऊन आला तर त्याला हात हलवत परत पाठवत. एकदा उखा नावाचा एक लूमवरचा मागवाला पिऊन आला आणि बायकोचे चांदीचे तोडे गादीवर आपटले. नानांनी ते रुमालात बांधले, त्याच्याच हातात दिले आणि म्हणाले, "घरवालीले लई ये. ती बठीन, पानी पीन, मंग दखूत." तो शिव्या घालत गेला आणि पुन्हा कधी आला नाही.

आता त्यांची वही. कायद्यानं त्यात गहाण ठेवणाऱ्याचं नाव आणि पत्ता लिहावा लागतो. नाना बायकांचं नाव माहेरचं लिहीत. बापाचं नाव, बापाचं आडनाव, बापाचं गाव. कारण साधं होतं. बायका अंगावरचं सोनं गहाण टाकायच्या त्यात निम्म्याहून जास्त वेळा माहेरच्या अडचणीसाठी. भावाचं बियाणं, बहिणीचं बाळंतपण, आईचं डोळ्याचं ऑपरेशन. सोनं सासरचं, दुखणं माहेरचं. सासरी कळलं तर वर्षभर बोलणी. म्हणून पावतीवर माहेरचं नाव. चुकून पावती कुणाच्या हाताला लागलीच तर गल्लीत त्या नावाची बाईच सापडायची नाही. बाईला हलकं वाटायचं, आणि नानांना त्यात काही खोटं वाटायचं नाही. "नाव तं खरंच शे ना तिनं?" ते म्हणायचे.

सुरतेत प्लेगची घबराट झाली त्या वर्षी आमची अर्धी गल्ली गाड्या भरभरून गावाला पळाली. आम्हीही गेलो. नाना गेले नाहीत. तोंडाला उपरणं बांधून तिजोरीसमोर बसून राहिले. सखुबाई, त्यांची बायको, रडून रडून एकटी भावाकडे गेली. परत आल्यावर मी त्यांना झापलं, की जीव मोठा की तिजोरी? तर म्हणाले, तिजोरी माझी असती तर केव्हाच गेलो असतो. खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मी त्यांच्याशी जरा जपून बोलायला लागले.

त्यानंतर दोन वर्षांनी जे झालं ते कानबाईमुळे झालं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या लोकांत कानबाई बसते. नारळाला डोळे लावायचे, नथ घालायची, घरातलं असेल नसेल ते सोनं तिच्या गळ्यात घालायचं, आणि सगळी भाऊबंदकी दर्शनाला येते. आलेल्या बायका हात जोडतात देवीला आणि बघतात सोन्याला. थोरल्या सुनेची पोत देवीच्या गळ्यात नसली की सगळ्यांना कळतं, पोत कुठे गेली असेल ते.

म्हणून नानांकडे एक रीत होती. शनिवारी दुपारी बाईनं एकेकटीनं यायचं आणि आपला डाग घेऊन जायचा. पैसे नाहीत, सही नाही. सोमवारी देवी तापीत शिरवली की मंगळवारी सकाळी डाग परत आणून द्यायचा. मात्र डागाची पिशवी रिकामी ठेवायची नाही, लक्ष्मीची जागा आहे ती. बाईनं येताना कानबाईच्या रोटासाठी निवडलेल्या गव्हातले मूठभर गहू आणायचे आणि स्वतःच्या हातानं पिशवीत घालायचे. एवढाच काय तो कागद. मी एकदा म्हटलं, "नाना, लिहून तरी घ्या." तर म्हणाले, "देवीले उसनं दिधं तं लिखाई कशाले?"

त्या वर्षी मीही गहू घेऊन गेले होते. चैत्रात माझ्या वडिलांचं, दगा पाटलांचं, धुळ्याला पोटाचं ऑपरेशन झालं. भावाचा निरोप आला, पैसे हवेत, पण दादांना कळू देऊ नकोस. आमचे दादा म्हणजे लेकीच्या घरचं पाणी पितानाही दहादा विचार करणारे. जावयाच्या पैशानं आपलं पोट शिवलं हे कळलं असतं तर त्यांनी टाके उसवून घेतले असते. माझा पगार तर पहिल्या तारखेला घरात जमा व्हायचा. मग मी सासूबाईंनी लग्नात घातलेली पोत नेऊन नानांकडे ठेवली. घरी ब्रसुद्धा काढला नाही. माहेरी चार दिवस जाऊन आले ते भावाच्या मुलाच्या जावळाचं निमित्त सांगून. आणि शनिवारी नानांकडून आणलेली तीच पोत सासूबाईंनी रविवारी हौसेनं कानबाईला घातली. मी हात जोडून उभी होते आणि देवीच्या डोळ्याला डोळा देत नव्हते.

सोमवारी दुपारी लायसन देणाऱ्या कचेरीचे साहेब दुकानात आले. शहरात दुसऱ्या कुठल्याशा भागात एक गिरवीवाला लोकांचं सोनं घेऊन पळाला होता, म्हणून सगळ्यांचीच तपासणी निघाली होती. दोन पंच बसवले, वही उघडली, आणि एकेक पिशवी गादीवर ओतायला लागले. पहिल्या तीन पिशव्यांत सोनं निघालं. चौथीत गहू. पाचवीत गहू. साहेबांनी चश्मा काढून पुसला. अशा चौदा पिशव्या निघाल्या. त्यांना वाटलं, म्हाताऱ्यानं सोनं विकून वजनाला गहू भरलेत. कुणालाही तेच वाटलं असतं. वहीतल्या चौदा नावांचा गल्लीत तपास केला, तर त्यातलं एकही माणूस सुरतेत राहत नव्हतं. बेटावद, नरडाणा, दोंडाईचा, असली गावं. साहेबांच्या लेखी ती सगळी बोगस नावं.

मंगळवारी सकाळी चौदाही डाग परत आले. रीतीप्रमाणे, एकेकटीनं. नाना ते घेऊन कचेरीत धावले. साहेब म्हणाले, "आ तो तमे बजारमांथी लाव्या." हे तर तुम्ही बाजारातून आणलंत. ज्याचं सोनं आहे त्याला समोर आणा, रेशनकार्डासकट. त्यानं सही करून सांगू दे, की डाग माझा, आणि माझ्या मर्जीनं माझ्याकडे होता. नाहीतर लायसन रद्द, कायमचं. पंधरा दिवसांची नोटीस हातात ठेवली.

शाळा सुटल्यावर मी दुकानात उत्तर लिहायला बसले. नानांनी सांगायला सुरुवात केली, "लिख, सोनं देवीले दिधं व्हतं."

"नाना, कचेरीत देवी चालत नाही."

"मंग कानबाई लिख. नाव लिखं म्हंजे चाली."

मी पेन खाली ठेवलं. "चौदा जणींची नावं द्या. सासरची. पत्त्यासकट. एका दिवसात लायसन सुटेल."

"अन् त्या घर जाईसन काय सांगतीन?"

"ते त्यांचं त्या बघतील! सोनं नेताना गोड लागलं ना?" मी ओरडलेच. आणि ओरडून झाल्यावर मला माझीच लाज वाटली, कारण त्या चौदांत मी होते. त्यांना ते ठाऊक होतं. वही आमच्या दोघांच्या मधे उघडी पडलेली, सहाव्या ओळीवर माझ्या बापाचं नाव, आणि नानांनी चुकूनही त्या ओळीकडे नजर टाकली नाही, की माझ्याकडे वेगळं बघितलं नाही. "नाव कोनंच लिखानं नही, माय," एवढंच म्हणाले. मी त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. चूक माझी, सोनं ज्याचं त्याला पोचलं आहे, शिक्षा कबूल. खाली त्यांनी मराठीत सही केली, आणि ती करायला त्यांना फार वेळ लागला.

ते पंधरा दिवस मला अन्न गोड लागलं नाही. नोटिशीचं गल्लीत सगळ्यांना माहीत झालं होतं. नळावर बायका खाली बघून हंडे भरत होत्या. एरवी पाण्यावरून माझ्याशी हटकून भांडणारी रंभाबाई एक शब्द न बोलता आपला नंबर सोडून निघून गेली. ती चौदांतली असणार असं मला वाटलं. तिला माझ्याबद्दल तेच वाटलं असेल. कुणी कुणाला विचारेना. मनात मी सगळ्यांना शिव्या घालत होते, की एकीनं तरी जावं. पहिली मी का जात नव्हते? भ्यायले होते. सासूबाई वाईट नव्हत्या, पण त्यांच्या हाताखाली सहा वर्षं काढून मिळवलेला विश्वास होता. तो असा एका दुपारी जाणार होता.

सुनावणीच्या दिवशी मी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली. नानांबरोबर बोलायला कुणीतरी हवं, असं घरी सांगितलं. ते खरंही होतं. पर्समध्ये माझं माहेरच्या नावाचं दहावीचं प्रमाणपत्र आणि रेशनकार्ड टाकलं. टाकताना स्वतःला म्हणत होते, असू दे, लागलं तर लागलं.

कचेरीत नाना धुतलेलं धोतर आणि टोपी घालून बाकावर बसले होते. मांडीवर चौदा पिशव्यांची थैली, दोन्ही हात तिच्यावर. लायसन चौकटीतून काढून आणायला सांगितलं होतं, ते त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं होतं. दुसरं कुणीही आलं नव्हतं. मी दरवाज्याकडे चारदा बघितलं.

साहेबांनी उत्तर वाचलं. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. म्हणाले, "काका, एक तो मालिक बतावो. एक."

नाना मान खाली घालून म्हणाले, "नथी, साहेब."

साहेबांनी लायसन पुढे ओढलं आणि शिक्क्याची डबी उघडली. नाना त्या कागदाकडे बघत होते. ते बघून माझ्यानं बसवलं नाही. मी उठून म्हणाले, "सहाव्या नंबरची पिशवी माझी आहे. उज्ज्वला दगा पाटील, बेटावद. ती मी."

मला वाटलं होतं, नानांना हायसं वाटेल. ते ताडकन उठले आणि माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "ना साहेब, ना! ए बेन तो मास्तर छे. अरजी लखवा आवी छे. मने बचाववा खोटुं बोले छे." साहेबांना खोटं वाटू नये म्हणून हसलेसुद्धा. मग मागं वळून दबक्या आवाजात मला म्हणाले, "बठ खाली. तुन्हं घर शे, पोर शे. मन्हं काय, एक कागद शे."

आयुष्यात माझ्यासाठी कुणी इतकं धडधडीत खोटं बोललेलं नव्हतं. मी रडत होते आणि चिडलेही होते. त्यांना बाजूला सारून मी दहावीचं प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं, शेजारी रेशनकार्ड. म्हटलं, "साहेब, पिशवी उघडू नका अजून. आधी ऐका. पोतीत डावीकडून तिसरा मणी चपटा आहे. माझ्या मुलीला दात येत होते तेव्हा तिनं चावलाय. आता उघडा."

साहेबांनी पोत हातात घेतली, खिडकीपाशी नेली, मणी मोजले. मग परत येऊन बसले आणि विचारलं, की हे माहेरचं नाव कशासाठी? मी सगळं सांगितलं. बापाचं पोट, सासरची पोत, कानबाई, गहू. बाकीच्या तेरा पिशव्यांकडे बघून ते म्हणाले, "आ बधी पण आवी ज?" मी म्हटलं, "मला त्यांची नावं माहीत नाहीत. पण हो, अशाच."

कायदा मोडला होता, त्यात दुमत नव्हतं. गहाणाचा माल पावतीशिवाय बाहेर दिला, आणि वहीत सुरतेचे पत्ते नाहीत. दंड झाला आणि लायसन चार महिने बंद झालं. रद्द झालं नाही. यापुढे पत्ता इथला लिहायचा, अशी ताकीद मिळाली. माझा जबाब लिहून घेतला, आणि त्याची एक प्रत रेशनकार्डावरच्या पत्त्यावर टपालानं जाईल, असं कारकुनानं सांगितलं.

रिक्षात नाना तोंड फिरवून बसले. रागानं त्यांचं नाक फुललं होतं. अर्ध्या रस्त्यात म्हणाले, "आते घर काय सांगशी?"

"खरं ते."

"मी येस संगे." आणि गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली तेव्हा ते दुकानाकडे न वळता माझ्या पुढेच चालायला लागले.

सासूबाई ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. नाना चपला काढून त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले. म्हणाले, "वहिनी, चूक मन्ही शे. पोरनी पोत मी ठेवी लिधी. तुमले इचारानं व्हतं, इचारं नही." त्यांना तेवढ्यावरच थांबवून मी पुढचं सांगितलं. ऑपरेशनचं, धुळ्याचं, जावळाच्या खोट्या निमित्ताचं. सांगताना मी सासूबाईंच्या हातांकडे बघत होते. ते शेंगा सोलत होते, मग थांबले.

"इतला दिन मन्हा याही दवाखानामा पडेल व्हता?" त्या म्हणाल्या. याही म्हणजे व्याही, माझे दादा. सासूबाईंचा आवाज फुटला. "अन् माले कोनी सांगं नही? मी आठे सन करू, देवीले सोनं घालू, अन् तठे त्यानं पोट फाडेल? बेटावदमा लोके काय म्हनतीन, याहीन एकदाव दखाले सुद्धा उनी नही!" पदरानं डोळे पुसले आणि माझ्यावर खेकसल्या, "पोत जाऊ दे चुलीत. मी काय तुले परकी व्हती का?"

मला वाटलं होतं, त्या पोतीसाठी रडतील. सहा वर्षं एका घरात राहून मला ही बाई कळली नव्हती, आणि ह्याचं मला आजही वाईट वाटतं. मी काही बोलायच्या आधीच त्या उठल्या. फळीवरून पिशवी काढली, तिच्यात एक लुगडं कोंबलं, आणि भुसावळ पॅसेंजर सकाळी किती वाजता सुटते ते मला विचारलं. मी ओट्यावरच्या शेंगा गोळा करायला वाकले, आणि वेळ लोटूनानांनी सांगितली.